पहिलं वळण

नागोयाच्या भुयारी गाडीत अनोळखी माणसाशी कुणी बोलत नाही. उकाई सोइचिला ते बरं वाटे. सरावानंतर अंगातला गारठा जायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तो दाराजवळच्या कोपऱ्यात, चाकांची बॅग दोन पायांमध्ये धरून, काळ्या काचेतला स्वतःचा चेहरा टाळत उभा राही. त्या संध्याकाळीही तो तसाच उभा होता. कानायामा स्टेशन जवळ आलं तशी गाडी मंदावली, आणि इतका वेळ फोनमध्ये तोंड खुपसून बसलेली, शाळेच्या गणवेशातली एक मुलगी उठून थेट त्याच्यासमोर आली. "उकाई-सान ना तुम्ही? स्केटिंगवाले?" त्याने मान हलवली. मुलगी कानापर्यंत लाल झाली होती. मोठा धीर करून उठली होती हे दिसतच होतं, आणि आता उठलोच आहोत तर सगळं बोलून टाकावं अशी घाई तिच्या चेहऱ्यावर होती. "आमची आई रोज तुमचं बघते. रोज! तुमचं ते सुरुवातीचं लांबच लांब वळण असतं ना, ते आलं की झोपूनच जाते. पुढच्या उड्या तिने आजवर बघितलेल्याच नाहीत!" तोंडावर हात ठेवून ती हसली, कमरेत वाकली, दार उघडलं आणि ती गेली. दार बंद झाल्यावर उकाईच्या लक्षात आलं की आपणही वाकून तिला "आभारी आहे" म्हणालो.

कशाबद्दल आभारी? गाडी पुढे निघाली, दोन स्टेशनं गेली, तरी त्याचा चेहरा तसाच सभ्य राहिला होता, हसू काढून ठेवायला विसरल्यासारखा. सव्वीस वर्षांच्या आयुष्यात त्याने आपल्याबद्दल पुष्कळ शब्द ऐकले होते. सुंदर. शांत. संयत. टीव्हीवर समालोचन करणारे गृहस्थ दर वर्षी न चुकता म्हणत, "उकाईचं स्केटिंग म्हणजे डोळ्यांना मेजवानी," आणि मग एक छोटा श्वास घेऊन, "आता एवढी एक चार फेऱ्यांची उडी असती तर..." त्या छोट्या श्वासात उकाईची सगळी कारकीर्द बसत असे. क्लबातला त्याचा जुना सोबती त्सुगे तर तोंडावरच म्हणायचा, "तुझी पाळी आली की शौचालयापुढे रांग लागते बघ. लोकांना ठाऊक असतं, आता काही पडणार नाही, काही धडकणार नाही, आरामात जाऊन येऊ." त्सुगेची चेष्टा लागत नसे. तो स्वतः रिंकवर आयुष्यभर पडत आलेला माणूस. पण या मुलीने चेष्टा केली नव्हती. ती तर कौतुक करायला उठली होती. कौतुक म्हणून तिच्या तोंडून निघालं ते हे, की आई झोपते. वाईट हेतूने बोललेलं माणूस झटकून टाकतो, चांगल्या हेतूने बोललेलं चिकटून बसतं. उकाईला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं, आणि ते सांगायला फोनमधलं एकही नाव त्याला सुचेना.

ते वळण त्याचं स्वतःचं होतं. म्हणजे नवं काहीच नव्हतं त्यात. दोन्ही पावलं परस्परविरुद्ध दिशांना उघडायची, टाच टाचेसमोर, आणि सगळं अंग मागे झोकून देऊन बर्फाच्या कडेकडेने एक लांब कमान काढायची. पाय उचलायचा नाही, ढकलायचं नाही, काही करायचंच नाही. आधी घेतलेली गती तुम्हाला नेते, तुम्ही फक्त पडत नाही. असं कित्येकजण करतात, पण दोन क्षण, पुढच्या उडीला जाता जाता. उकाई मात्र संगीत सुरू झालं की चार ढांगांत वेग घेई आणि रिंकचं अख्खं टोक त्या एका कमानीत पार करी. चेलोचा पहिला स्वर जेवढा लांबे तेवढा तोही लांबे. एकोणिसाव्या वर्षी ते पहिल्यांदा जमलं, तेव्हापासून संगीत बदललं, कपडे बदलले, वळण राहिलं. क्लबात त्याला "सोइचिचं वळण" असं नावच पडलं होतं. त्याला टाळ्या पडत नसत. उडीला टाळ्या पडतात, कारण उडी कधी संपली ते कळतं. वळण कधी संपलं ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. त्या वेळात सभागृहात काय चाललेलं असतं याचा त्याने पूर्वी कधी विचार केला नव्हता. आता गाडीत उभं राहून त्याला दिसलं: ओळीने बसलेली माणसं, आणि एकेकाची मान हळूहळू छातीवर येते आहे.

आणि नेमकं आदल्याच दिवशी निवा-सेन्सेईंशी, त्याच्या प्रशिक्षक बाईंशी, त्याचं वाजलं होतं. वाजलं म्हणजे काय, त्यांनी मागितलं आणि तो हो म्हणाला नाही. रिंकसमोरच्या कॉफीच्या दुकानात त्या दोघांची जागा ठरलेली. सकाळच्या कॉफीबरोबर मिळणारा टोस्ट, त्यावर गोड लाल चवळीचा लगदा, तो सेन्सेई अर्धा खात आणि अर्धा त्याच्या बशीत सरकवत, तो सहा वर्षांचा असल्यापासून. त्या दिवशीही सरकवला. "खा. आणि ऐक. पश्चिम विभागाच्या स्पर्धेत यंदा उतरणारी पोरं बघितलीस ना? हिबिनो एकटा तीन वेळा 'चार' मारतो. सुरुवातीला तूही एक 'चार' घालायची. सरावात जमते आहे तुला." तो म्हणाला, "सुरुवातीला वळण आहे." "तेच काढायचं. धाव घ्यायला तेच टोक लागतं." "मग वळण मध्ये घेऊ." "मध्ये तुझ्या उड्या आणि पावलांचं काम ठासून भरलंय, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही." "मग शेवटी?" सेन्सेईंनी चष्म्यावरून बघितलं. "शेवटी तुझं तोंड कसं होतं ते बघितलंयस का कधी? त्या तोंडाने वळणं घेणार?" दोघंही हसले. मग त्या न हसता म्हणाल्या, "सोइचि, तू सुंदर आहेस म्हणूनच दहावा येतोस. यंदाचं तुझं शेवटचं वर्ष. राष्ट्रीय स्पर्धेत एकदा तरी जाऊन थांब. एवढंच मागतेय." त्याने टोस्ट खाल्ला.

ज्या बाईने हे मागितलं तिनेच ते वळण त्याच्या अंगात घातलं होतं, ही त्यातली अवघड गोष्ट. सेन्सेई जुन्या काळातल्या. त्यांच्या तरुणपणी स्पर्धेत बर्फावर पात्याने गोल काढावे लागत, आणि पंच गुडघे टेकून रेघ तपासत. तो प्रकार केव्हाच बंद झाला, पण त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. रिंक लोकांसाठी उघडायच्या आधी, खिडक्या अजून करड्या असताना, त्या छोट्या सोइचिला एकाच जागी गोल काढायला लावत आणि स्वतः वाकून रेघ बघत. "इथे घाबरलास," बोट ठेवून म्हणत. "इथे पुन्हा धीर आला. बर्फ खोटं बोलत नाही हं." पात्याचा खरखर आवाज आला की म्हणत, "ओरडू नकोस त्याच्यावर." रिंकवर येताना आणि जाताना बर्फाला वाकून नमस्कार करायचा, हे सगळ्याच मुलांना शिकवतात, पण बाकीची मुलं मान टेकवल्यासारखी करून पळत, आणि सोइचि खरोखर वाकत असे, कारण आपण त्यावर ओरडलेलो असतो असं त्याला वाटे. पोरं हसत. त्सुगे म्हणे, "काय रे, नवसाला बसलायस का?" त्या पहाटांना, त्या रिकाम्या रिंकमध्ये, सेन्सेईंच्या लाल हातमोज्यांच्या सोबतीने तो जितका सुखी होता तितका नंतर कधी झाला नाही. त्याला ते तेव्हाही ठाऊक होतं, म्हणून तर तो घरी जायला रडे. आता त्याच सेन्सेईंच्या हातात पाटीएवढा संगणक असे आणि त्यावर प्रत्येक उडीची किंमत. जगच असं झालंय, त्या तरी काय करणार. चार फेऱ्या पुऱ्या झाल्या आणि तुम्ही आपटलात, तरी न आपटलेल्या तीन फेऱ्यांच्या आसपास गुण मिळतातच. वळणाचे निराळे गुण नसतात. ते एकूण सौंदर्याच्या गठ्ठ्यात कुठेतरी विरघळून जातं.

घरी, म्हणजे एका खोलीच्या त्या घरी, पोचल्यावर त्याने पाणी उकळायला ठेवलं आणि उभ्यानेच सेन्सेईंना फोन लावला. "घालू," तो म्हणाला. "काय?" "'चार'. वळण काढू." त्या खूश होतील असं त्याला वाटलं होतं. "बरं," त्या म्हणाल्या. "एकदम काय झालं?" त्याला सांगावंसं वाटलं की गाडीत एक मुलगी भेटली, तिची आई झोपते. पण ते मोठ्याने बोललं तर किती पोरकट वाटेल हे त्याच्या लक्षात आलं. "काही नाही," तो म्हणाला, "झालीच आहे वेळ." पाणी उकळून उकळून निम्मं झालं होतं.

मग पडणं सुरू झालं. पूर्वीही तो पडे, पण हळूहळू, अंग राखून. आता निव्वळ पडायलाच यावं तसा तो रिंकवर येऊ लागला. उलटं धावत जायचं, डाव्या बुटाच्या टोकाचे दाते बर्फात रोवायचे आणि सगळं अंग आवळून वर जायचं. हात छातीशी, गुडघे एकमेकांवर, डोळे कुठेच नाहीत. तिसऱ्या फेरीनंतर एक क्षण येतो, त्यात शरीर विचारतं, उघडू? आणि माणूस जरा जरी "अं?" म्हणाला की ते उघडतं. याला ते लोक पंक्चर म्हणतात. हवेतच हवा जाते. उकाई जन्माचा पंक्चरवाला. विचारलं की उत्तर देणारा. आपटायला तो भीत नव्हता. मांडीवरचा काळानिळा डाग भाकरीएवढा झाला, तो निमूट मलमपट्टी करी. भीती निराळी होती. आवळून घ्यायची त्याच्या अंगाला सवयच नव्हती. त्याला इतकी वर्षं उघडायला शिकवलं होतं: खांदे उघड, छाती उघड, पावलं उघड, बर्फाला तुझं वजन देऊन टाक. आता त्याच अंगाला सांगायचं की मूठ हो. रात्री अंथरुणावरही त्याचे हात छातीशी आवळलेले असत, सकाळी बोटं सोडवावी लागत.

हिबिनो त्याच रिंकवर यायचा. अठरा वर्षांचा, काटकुळा, भयंकर विनयशील मुलगा. तो चहा प्यायल्यासारखी 'चार' मारी आणि उतरताना दुसरीकडेच बघत असे. एकदा उकाई पडलेला असताना तो जवळ येऊन थांबला. "उकाई-सान, वळण काढलंत?" "काढलं." "मी सहावीत होतो ना, तेव्हा तुमचं बघून ते वळण करायचो. घरातल्या कॉरिडॉरमध्ये, मोजे घालून." "मग?" "मग आमच्या प्रशिक्षकांनी विचारलं, याचे किती गुण? मला सांगता येईना. म्हणून सोडून दिलं." हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं की रागावायला कुठे जागाच नव्हती. उकाई हसून म्हणाला, "हुशार आहेत हं तुमचे प्रशिक्षक." हिबिनोही हसला, पण मग रेंगाळला. "जमलं नसतंच मला तसं ते," तो म्हणाला आणि वाकून निघून गेला. या मुलाशी मैत्री झाली असती, असं उकाईला वाटलं. दहा वर्षं अलीकडे किंवा पलीकडे. त्याच्या वयाचे सगळे केव्हाच गेले होते. कुणी बँकेत, कुणी मोटारींच्या शोरूममध्ये. त्सुगेला मुलगी झाली होती आणि त्याचे संदेश आता फक्त तिच्या दातांविषयी असत. सराव संपल्यावर उकाई स्टेशनच्या फलाटावर उभ्या-उभ्याने चपट्या शेवयांचं गरम सूप पिई. तिथे सगळेच एकटे उभे असतात, म्हणून तिथे बरं वाटे.

पश्चिम विभागाची स्पर्धा नोव्हेंबरात, शहरातल्याच मोठ्या हॉलमध्ये होती. पहिल्या दिवशीच्या छोट्या कार्यक्रमानंतर तो अकरावा होता. राष्ट्रीय स्पर्धेत जायचं तर आज, मोठ्या कार्यक्रमात, वर सरकायला हवं होतं, फार नाही, पण सरकायला हवं होतं. कठड्यांवर चाहत्यांनी खेळाडूंच्या नावांची कापडं टांगली होती. हिबिनोची नवी, चकचकीत, एकाला एक लागून. उकाईचं एकच, जुनं, घड्यांच्या जागी पांढरं पडलेलं. दर वर्षी कोण ते आणून बांधतं हे त्याला कधी कळलं नव्हतं. त्याने बर्फाला नमस्कार केला, वर्तुळ घेतलं, कठड्यापाशी सेन्सेईंचे हात हातात घेतले. लाल हातमोजे. "धाव पूर्ण घे," त्या म्हणाल्या. "आणि विचारलं तर उत्तर देऊ नकोस." इतकी वर्षं त्या म्हणायच्या, "ऐक." आज ऐकू नकोस म्हणत होत्या. तो मध्यभागी जाऊन उभा राहिला.

संगीत सुरू व्हायच्या आधी एक निःशब्द पोकळी असते, आणि इथे त्या पोकळीत कठड्यापाशी उभे असलेले सोबती ओरडतात. अमुक-कुन, गान्बा! लढ! त्या पोकळीत तो वाढला होता. "सोइचि-कुन, गान्बा!" त्सुगेचा फाटका आवाज सगळ्यात वर, आणि मागून पोरांचा कल्लोळ. त्या हाकेवर त्याने कितीतरी भीती ढकलून दिल्या होत्या. आज त्याने मान खाली घातली आणि वाट बघितली. क्लबातली मुलं शिस्तीची होती, ओरडली. "उकाई-सान, गान्बा!" सगळी एका सुरात, ज्येष्ठाला शोभेल असं. त्या 'सान'मध्ये आदर होता, काठोकाठ होता, आणि नाव घेऊन हाक मारणारं त्या सगळ्या हॉलमध्ये कुणी उरलेलं नव्हतं. एवढ्या माणसांत आपण इतके एकटे कसे, असा साधा प्रश्न त्याला पडला, आणि तेवढ्यात चेलो सुरू झाला.

चेलोचा पहिला स्वर लांबू लागला आणि त्याची पावलं आपोआप उघडायला गेली. ते त्याला स्पष्ट कळलं. सात वर्षांची सवय, टाच टाचेकडे वळली. त्याने तिला मागे खेचलं. जनावराचा लगाम खेचावा तसं खेचलं, आणि धाव घेतली. ते टोक, त्याचं टोक, उलटं मागे पळत गेलं. दाते रोवले. वर. एक. दोन. तिसऱ्यानंतर शरीराने विचारलं, उघडू? आणि त्याने उत्तर दिलं नाही. पात्याने बर्फ पकडला, खर्रकन आवाज झाला, गुडघा खोल गेला, एक हात बर्फाच्या अगदी जवळ जाऊन परत आला, आणि तो उभा होता. मागे मागे जात, उभा होता. हॉल टाळ्यांनी दणाणला. त्याने आपल्यासाठी असा आवाज कधीच ऐकला नव्हता. आनंद झाला, खोटं कशाला बोला. असा आनंद, की पुढचा सगळा कार्यक्रम त्याने हसत पार पाडला आणि शेवटी त्याचं तोंड कसं झालं होतं कुणास ठाऊक. गुण लागेपर्यंत बसायच्या बाकावर सेन्सेई त्याच्या मांडीवर, नेमक्या त्या डागावर, थापा मारत राहिल्या. तो सातवा आला. राष्ट्रीय स्पर्धा मिळाली. हिबिनो पहिला आला होता, तो धावत येऊन म्हणाला, "उकाई-सान, ती 'चार'! मला रडूच आलं!" सेन्सेईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पाटी उघडली. "डिसेंबरात, राष्ट्रीय स्पर्धेत, एकीने भागायचं नाही," त्या म्हणाल्या. "दुसरी घालू. पावलांच्या कामातून काहीतरी काढता येईल." तो "हो" म्हणाला. त्या वेळी त्याने कशालाही हो म्हटलं असतं.

बाहेर पडायच्या दारापाशी नेहमीप्रमाणे चाहते ओळीने उभे होते, दोरीच्या पलीकडे, कुणी ढकलाढकल न करता. बहुतेक हिबिनोसाठी. बाहेर अंधारून आलं होतं आणि वारा सुटला होता. उकाई सेन्सेईंबरोबर चालत होता आणि अंगात अजून ती उडी होती. "उकाई-सान!" ती गाडीतली मुलगी. आज गणवेश नव्हता, पण कान तसेच लाल. शेजारी एक बाई उभी होती, बारीक, राखाडी कोट घातलेली. कागदी पिशवीतून जुन्या कापडाची एक घडी डोकावत होती, घड्यांच्या जागी पांढरी पडलेली. "आईला घेऊन आले!" मुलगी म्हणाली. "आणि आज आई एकदम जागी होती! तुम्ही उडी मारलीत ना, तर उभीच राहिली!" उकाईच्या मनात एक लहानसा दुष्ट विजय उमटला. झोपा आता, असं त्याला वाटलं, आणि तो हसून वाकला. "पाहिलंत ना आज उड्या," तो म्हणाला.

बाई त्याच्याहून खाली वाकली. "अभिनंदन. फार सुंदर झालं. या पोरीने गाडीत तुम्हाला काहीतरी सांगितलं म्हणे. मला कळलं तेव्हा लाजेने मेल्यासारखं झालं हो. झोपते म्हणजे तसं नाही ते." तिचे डोळे सुजलेले होते, पण रडून नव्हे, नुसत्या जागरणाने. "हिचे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. अचानक. तेव्हापासून मला झोपच नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. डोळा लागला की वाटायचं, आपण धरलंय ते हातातून सुटलं. एकदा हिच्या फोनवर तुमचं लागलं होतं, आणि ते वळण आलं. तुम्ही असं मागे सोडून देता ना स्वतःला, आणि पडत नाही. इतका वेळ पडत नाही. कसं सांगू, ते बघताना माझं धरलेलं सगळं सुटतं आणि काही पडत नाही. झोप लागते." तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "म्हणून म्हटलं, हे कापड बांधायला ही दर वर्षी येते, आपणही एकदा प्रत्यक्ष बघावं. नीट जागं राहून, संपेपर्यंत. कधी बघितलंच नव्हतं ना, शेवट कसा होतो त्याचा. आज डोळे ताणून बसले होते. आणि संगीत सुरू झालं, आणि तुम्ही एकदम हवेत. मला वाटलं, घ्या, इथेही माझी डुलकी लागली आणि ते होऊन गेलं. हिला विचारलं, झालं का गं? तर ही म्हणाली, नव्हतंच."

वारा आला, दोरीपलीकडची माणसं कोटांत शिरली. सेन्सेई शेजारी उभ्या होत्या, पाटी छातीशी धरून, आणि त्याच्याकडे न बघता खाली फरशीकडे बघत होत्या, रेघ तपासावी तशा. "राष्ट्रीय स्पर्धेत असेल ना ते?" बाईने विचारलं. मागणी नव्हती ती, नुसतं विचारणं. त्याने तोंड उघडलं. पण मुलगीच आधी बोलली, तिला सगळे नियम पाठ होते. "आई, असं काय करतेस! आता त्यांना दोन-दोन 'चार' माराव्या लागणार. तिथे सगळे मारतात." "हो का," बाई म्हणाली. "हो, ते बरोबरच आहे." आणि तिने घाईघाईने हसून त्याचीच समजूत घातली. "आमचं काय, जुनं आहे की फोनमध्ये. ते कुठे जातंय." ती पुन्हा वाकली. उकाईही वाकला, रिंकवरून निघताना वाकतो तितका, आणि वर आला तेव्हा दोघी पाठमोऱ्या झाल्या होत्या. "चल सोइचि," सेन्सेई म्हणाल्या, "गारठशील." दुसऱ्या उडीविषयी त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्यानेही काही विचारलं नाही. बोललं तरी उद्या पाटी उघडावीच लागणार होती, हे दोघांना ठाऊक होतं.

परतीच्या गाडीत तो दाराजवळच्या त्याच कोपऱ्यात उभा राहिला. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. त्याने फोन काढला आणि आवाज बंद करून स्वतःचं जुनं चित्रण लावलं. लहान पडद्यावर एक तरुण मध्यभागी उभा होता, निळ्या शर्टात, मान खाली घालून. कठड्यापाशी कुणीतरी तोंड उघडून ओरडलं. त्सुगेच असणार. मग तो निघाला, चार ढांगा, पावलं उघडली, आणि मागे झोकून दिलेलं ते अंग टोकाकडून येऊ लागलं, काही न करता, कुणालाही न विचारता. हा मुलगा रोज एका अनोळखी घरात जातो, एका बाईचा दिवा मालवून येतो, आणि हे त्याला ठाऊकही नाही. उकाईला त्याचा हेवा वाटला. त्याला हाक मारावीशी वाटली, पण नाव एकच होतं दोघांचं. त्याचं स्टेशन आलं आणि गेलं. त्याने ते पाहिलं, पण उतरला नाही. गाडी शहराभोवती फिरते, स्टेशन पुन्हा येणार होतंच. तो काचेला टेकला, खांदे सैल सोडले आणि पडद्यावर लक्ष लावून वाट बघत राहिला. वळण आलं, लांबलं आणि कुठे संपलं ते न कळता संपलं. त्याने ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. दुसऱ्या हाताची बोटं छातीशी आवळलेलीच होती. झोप काही आली नाही.